आधी वहीतली बाकी मिटवा

सोलापूरच्या पूर्वभागात, एका अरुंद गल्लीत, किराण्याचं छोटं दुकान आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचं शटर गुडघ्याएवढंच वर असायचं. आतून दुकानदार वाकून बघायचे, बाहेरून पिशवी सरकवली जायची. रांगेत माझ्या पुढे एक विडी कामगार बाई उभ्या होत्या.

"अण्णा, मजुरी आली की देते."

"कारखानाच बंद आहे अक्का, मजुरी कुठली येणार? घेऊन जा. लिहून ठेवतो."

आणि लांबट लाल वहीत एक ओळ वाढली. तांदूळ दोन किलो, तेल अर्धा, शेंगा पाव. सही नाही, अंगठा नाही, व्याज तर नाहीच.

त्या वर्षी २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. १२ एप्रिलला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण नोंदला गेला आणि पेठा एकामागून एक पत्र्यांनी आणि बांबूंनी बंद होत गेल्या. जुलैत १६ ते २६ तारखेपर्यंत पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी झाली. यंत्रमाग थांबले, विडीची पानं-तंबाखू मिळेना, शिलाई मशीनवर फडकं पडलं. त्या काळात सरकारी रेशन होतं, मंडळांची मदत होती, हे खरं. पण चहापत्ती, मीठ, साबण, पोराचं बिस्कीट अशा किरकोळ गरजांना रोजच्या रोज कोण उभं राहिलं? गल्लीतली ती वही.

म्हणून हे आवाहन. साथ पुन्हा येईल तेव्हा, आणि येत नाही तोवरही, आपल्या पेठेतली दुकानं जगवण्यासाठी आपण काय करायचं, ते साध्या शब्दांत सांगतो. यात उपकाराची भाषा नको. अडीअडचणीला जे दुकान आपल्यासाठी उघडं राहावं असं वाटतं, त्याला बऱ्या दिवसांत गिऱ्हाईक द्यावं लागतं. सरळ व्यवहार आहे.

पहिलं काम: बाकी

गावातच खरेदी करा, असं सांगायला सुरुवात केली की लोक नव्या खरेदीचा विचार करतात. माझं म्हणणं उलटं आहे. आधी जुनी बाकी मिटवा.

धरा, एका दुकानदाराने साठ घरांना प्रत्येकी दोन हजारांची उधारी दिली. एक लाख वीस हजार रुपये वहीत अडकले. छोट्या दुकानात एका वेळी असतो त्या मालाएवढी ही रक्कम आहे. ठोक व्यापारी अशा वेळी हात आखडता घेतो, त्याला रोख लागते. मग दुकानात माल नाही, माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि सहा महिन्यांत शटर कायमचं खाली. गिऱ्हाईक कमी होतं म्हणून ते दुकान बंद पडलेलं नसतं. गिऱ्हाइकांनी पैसे दिले नाहीत म्हणून पडलेलं असतं.

ज्याच्याकडे खरंच नाही, त्याच्याविषयी बोलत नाही. पण ज्यांचा पगार टाळेबंदीतही दर महिन्याला बँकेत जमा होत होता, अशी घरंही आपल्या गावात कमी नव्हती. सरकारी नोकर, बँकवाले, शिक्षक, पेन्शनर. त्यांना हात जोडून सांगणं आहे की साथीच्या काळात उधारीचं पान तुमच्यासाठी नाही. तुम्ही रोख द्या, म्हणजे त्या रोखीवर विडी वळणाऱ्या अक्काचं खातं महिनाभर चालेल. जमलं तर पुढच्या महिन्याचे हजार-दोन हजार आगाऊ ठेवा. केस कापणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, शिंप्याला चार वेळचे पैसे आधी दिले तर आपलं बिघडत नाही. त्याचं दुकानभाडं मात्र निघतं.

दुकान गावातलं, माल कुठला?

आता एक हिशेब नीट लक्षात घ्या, कारण इथे आपण सगळेच फसतो. गावातल्या दुकानातून मोठ्या कंपनीचा शंभर रुपयांचा साबण घेतला, तर गावात राहते ती दुकानदाराची चार पैशांची कमाई. बाकी पैसा त्याच दिवशी गाव सोडतो. त्याच दुकानातून शंभर रुपयांची शेंगाचटणी घेतली, तर शेंगा विकणारा, त्या भाजणारी, कुटणारी, पुड्या भरणारी, हे सगळे जवळपासचेच. कडक भाकरीचंही तसंच. मंगळवेढ्याकडची ज्वारी, थापणाऱ्या बायका इथल्या, विकणारा इथला. तो शंभराचा पैसा पेठेत चार हात फिरतो, मग बाहेर जातो.

म्हणजे गावातलं दुकान ही पहिली पायरी झाली, आणि गावातला माल ही दुसरी. सगळं काही गावचंच घ्या, असं म्हणणं खुळेपणाचं होईल. सगळी औषधं सोलापुरात बनत नाहीत, मोबाईलही नाही. पण आपल्याकडे जे चांगलं होतं, तेसुद्धा आपण बाहेरून मागवतो, ही लाजेची गोष्ट आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी इथल्याच लग्नांत भेट म्हणून बाहेरून आलेल्या चकचकीत खोक्यातलं पांघरूण दिलं जातं. सोलापुरी चादरीच्या नावावर दुसरीकडचा मालही सर्रास खपतो. घेताना कारखान्याचं नाव विचारा, बिल मागा. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा खऱ्या विणकराला राग येत नाही. उलट तो चादर उलगडून दोन्ही बाजू दाखवतो आणि कापसाच्या सुताबद्दल पाच मिनिटं बोलतो.

गर्दी म्हणजे खरेदी नव्हे

साथीच्या काळात गावातल्या खरेदीला मोठा अडथळा होता तो रोगाचा. बाजारात गेलं की रोग लागेल, ही भीती खोटी नव्हती. म्हणून लोक मोबाईलवर मागवायला लागले. त्यावर भाषणं देऊन उपयोग नाही. बाजार सुरक्षित केला, तरच गिऱ्हाईक परत येतं.

आपण काय केलं, आठवा. जून २०२० मध्ये राज्यात नियम आला. रस्त्याच्या या बाजूची दुकानं आज, त्या बाजूची उद्या. हेतू चांगला होता. पण कापड या बाजूला आणि अस्तर त्या बाजूला असेल, तर बाई एकाच कामासाठी दोनदा बाहेर पडते. एप्रिल २०२१ मध्ये किराणा-भाजीला सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ ठरली. आता साधं गणित करा. एका दुकानात दिवसाला १२० गिऱ्हाइकं येतात. बारा तास उघडं असेल तर तासाला दहा. चारच तास उघडं असेल तर तासाला तीस. वेळ कमी केली की गर्दी कमी होत नाही, दाटते. टाळेबंदी जाहीर झाल्याच्या संध्याकाळी लक्ष्मी मंडईत आणि मधला मारुतीच्या बाजारात काय अवस्था होते, हे मी सांगायला नको.

यातून तीन धडे घ्यायचे. एक, लांबच्या मोठ्या बाजारापेक्षा गल्लीतलं छोटं दुकान साथीत जास्त सुरक्षित, कारण तिथे एका वेळी दोनच माणसं मावतात. जुळे सोलापूरसारख्या उपनगरात राहणाऱ्याने दोन रुपये वाचवायला गावात यायचं कारण नाही. दोन, वेळ वाटून घ्या. म्हाताऱ्यांची सकाळ, नोकरदारांची संध्याकाळ, दुपारी घरपोच माल. हे एका गल्लीने, एका दुकानदाराने बसून ठरवलं तरी होतं, त्याला आदेश लागत नाही. तीन, यादी आधी पाठवा. कागदावर लिहून फोटो काढायचा, दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा, तासाभराने पिशवी उचलायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलून पाठवायचं. मराठीत, तेलुगूत, कन्नडात, दखनीत, ज्यात जमेल त्यात. आपल्या दुकानदारांना चारही कळतात. हे मात्र कुठल्या कंपनीच्या माणसाला जमणार नाही.

मोबाईलवरून मागवणाऱ्यांना आणखी एक आठवण. मे २०२० मध्ये केंद्राने जिल्ह्यांची लाल, नारंगी, हिरवी अशी वाटणी केली, तेव्हा सोलापूर लालमध्ये होतं. लाल जिल्ह्यांत ऑनलाइन कंपन्यांनाही फक्त जीवनावश्यक वस्तू पोचवायची परवानगी होती. म्हणजे ज्या दिवशी खरी नड होती, त्या दिवशी तो रस्ताही अर्धा बंदच होता. मुळात पत्रे ठोकलेल्या गल्लीच्या आत, पत्र्याच्या अलीकडे, सामान होतं ते त्याच गल्लीतल्या दुकानाचं.

दुकानदारांनाही दोन शब्द

गिऱ्हाइकालाच शहाणपण शिकवायचं आणि दुकानदाराला पाठीशी घालायचं, हा अन्याय होईल. टाळेबंदीत काहींनी माल दडवला, काहींनी भाव चढवले. तंबाखू-मावा कुठल्या भावाने विकला गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी स्वतः एका दुकानात तेलाच्या पुडीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजले. आज त्या दुकानाची पायरी चढत नाही. त्या दिवशी त्याने दहा-पंधरा रुपये कमावले आणि एक घर कायमचं गमावलं.

दुकानदारांनो, भाव पाटीवर लिहा. खडूची पाटी चालेल. माल संपला तर संपला म्हणा. पाव किलो, दहा रुपयांचं, पाच रुपयांचं देणं सोडू नका. आठवड्याच्या मजुरीवर चालणारं घर महिन्याचं सामान भरू शकत नाही, आणि मोठ्या मॉलला पाच रुपयांचं तेल देता येत नाही. तुमची खरी ताकद तिथे आहे. क्यूआर कोड लावा, पण नोटा देणाऱ्याला परत पाठवू नका. आणि दुकानात मास्क, हात धुवायला पाणी, दारात दोरी. ती दोरी म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान नाही, त्याची काळजी आहे, हे हसून सांगता आलं पाहिजे.

मंडळांनी किट नको, कुपन द्यावं

सोलापूर हे मंडळांचं गाव. मिरवणुकीला जेवढी माणसं निघतात, तेवढीच २०२० मध्ये मदतीलाही निघाली. अन्नाची पाकिटं, धान्याची किट घरोघरी पोचली. त्या कार्यकर्त्यांना नमस्कारच आहे. पण एक विचार करू. किटचा माल ठोक बाजारातून ट्रकभर उचलला जातो. घराला तांदूळ मिळतात, पण गल्लीतल्या दुकानाचं त्या आठवड्याचं गिऱ्हाईक जातं. शिवाय किटमध्ये मैदा येतो, घरात ज्वारी लागते. किटमध्ये तूरडाळ येते, बाळाच्या दुधाचं काय?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात टेनिनो नावाचं एक गाव आहे. वस्ती दोन हजारांच्याही आत. १९३१ च्या मंदीत तिथली बँक बुडाली, तेव्हा गावाने पातळ लाकडाच्या पट्ट्यांवर स्वतःच्या नोटा छापल्या होत्या. २०२० मध्ये साथीने लोकांचे रोजगार गेले, तेव्हा गावाने ती जुनी छपाईची मशीन पुन्हा चालू केली. ज्यांची कमाई बुडाली त्यांना पंचवीस-पंचवीस डॉलरच्या लाकडी नोटा दिल्या. अट अशी होती की त्या गावातल्याच दुकानांत चालणार. दुकानदाराने त्या नगरपालिकेत नेऊन द्यायच्या आणि खरे पैसे घ्यायचे. एकाच पैशात गरजूचं घर चाललं आणि दुकानही चाललं.

आपल्याला लाकूड नको, छपाईयंत्रही नको. मंडळाने शंभर-शंभरची कुपनं काढावीत, शिक्का आणि क्रमांक घालावा, महिनाभराची मुदत द्यावी. पेठेतली पाच-सात दुकानं ठरवावीत. गरजू घराने तिथून हवं ते घ्यावं, दुकानदाराने आठवड्याच्या शेवटी कुपनं मोजून मंडळाकडून पैसे घ्यावेत. तंबाखू-दारूला चालणार नाही, एवढं मागे लिहावं. दान घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण तो रांगेत हात पसरून उभा नसतो, गिऱ्हाईक म्हणून उभा असतो. हे करायला पाच कार्यकर्ते आणि एक चोख हिशेबवही पुरते.

महापालिकेने काय करावं

पालिकेकडे मागण्या पुष्कळ करता येतील. तीनच करतो. साथीच्या काळात गाळ्यांचं भाडं हप्त्याने घ्यावं. दुकान बंद ठेवायचा हुकूम आपणच द्यायचा आणि भाडं मात्र पूर्ण मागायचं, हे बरोबर दिसत नाही. दुसरं, भाजी-फळवाल्यांना मैदानं आधीच ठरवून द्यावीत, चुन्याची चौकट आखावी. कुणाची गाडी कुठे, हे साथ आल्यावर भांडत बसण्याऐवजी आजच ठरलेलं बरं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, ती याच कामासाठी. तिसरं, टाळेबंदीचा निर्णय दोन दिवस आधी सांगावा आणि त्यात दुकानाच्या वेळा कमी करण्यापेक्षा वाढवाव्यात. अचानक आलेला हुकूम साथीपेक्षा वेगाने गर्दी पसरवतो.

हातगाडीवाल्यांना १ जून २०२० ला सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं कर्ज मिळू लागलं. चांगली गोष्ट झाली. पण कर्जाने गाडीवर माल येतो, गिऱ्हाईक येत नाही. ते आपणच आणायचं. २०२१ च्या संक्रांतीला होम मैदानावर नेहमीसारखी गड्ड्याची जत्रा भरली नाही. वर्षाची कमाई त्या जत्रेवर अवलंबून असलेले खेळणीवाले, पाळणेवाले, भांडीवाले घरी बसले. तेव्हा त्यांच्यातले काही गल्लोगल्ली फिरले. त्यांच्याकडून ज्यांनी दहा रुपयांची भिंगरी घेतली, त्यांनी गड्डा आपापल्या दारात भरवला.

एक खरी गोष्ट, लपवायची नाही

एवढं सगळं केलं तरी सोलापूर एकट्याने सोलापूर जगवू शकणार नाही. हे गाव बाहेर विकून जगतं. लग्नाला पन्नासच माणसं, पुढे २०२१ मध्ये तर पंचवीसच, असा नियम झाला. लग्नखर्च वाचला म्हणून आपण खूश झालो. पण पाहुणे नाहीत म्हणजे टॉवेल-टोपीचा आहेर नाही. टॉवेलचा माग त्या आहेरावरही चालतो. शाळा बंद म्हणजे गणवेश नाही, आणि आपल्या शिलाई कारखान्यांचा हंगाम गणवेशाचा. एका नियमाने कितीतरी घरांची चूल मंदावली. गल्लीतल्या दुकानाला पैसा मिळतो तो याच मजुरीतून. माग थांबला की वही भरते आणि गल्ला रिकामा होतो.

म्हणून हे आवाहन गावाबाहेरच्या सोलापूरकरांनाही. पुण्यात हडपसर-हिंजवडीला आणि मुंबईत तुमची घरं झाली, आनंद आहे. दर दिवाळीला ऑफिसात भेटी वाटता. एका वर्षी सुकामेव्याच्या डब्याऐवजी सोलापुरी टॉवेलांची जोडी द्या. सोसायटीत सत्कार असेल तर शालीऐवजी सोलापुरी चादर अंगावर घाला. शाल कपाटात जाते, चादर वीस वर्षं वापरात राहते. मे महिन्यात गावी आलात की चार किलो शेंगाचटणी नेताच, तशी शेजाऱ्यांची यादीही घेऊन या.

हुतात्म्यांच्या या गावाला स्वदेशी हा शब्द नवा नाही. स्वातंत्र्यलढ्यात इथे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला इथले चौघे फासावर गेले. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. शंभर पावलं चालायचंय, पिशवी घेऊन.

साथ येण्याची वाट बघू नका. गल्लीतल्या तीन दुकानदारांचे नंबर आज मोबाईलमध्ये घ्या. घरी अजून एखादी जुनी उधारी राहिली असेल तर विचारा. आईला ठाऊक असेल. आणि आज संध्याकाळी जाऊन सांगा, "अण्णा, आमचं पान काढा." ते नको नको म्हणतील, राहू दे म्हणतील. ऐकू नका. पैसे द्या, ओळीवर रेघ मारून घ्या आणि परत येताना पाव किलो शेंगा घेऊन या.